विद्यावंशाचा मूळपुरुष : युस्टुस फॉन लीबिग

कुलवृत्तांत चाळण्याची आवड आपणा सर्वांस आहे. घराण्याचा मूळपुरुष कोण, तो कोणत्या गावाहून कोठे आला, त्यास पुत्र किती, कोणती शाखा कोठे स्थायिक झाली, कोण दत्तक गेला, याची चौकशी आपण मोठ्या आस्थेने करतो. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांची चोपडी उघडावी आणि पणजोबांच्या हातचे अक्षर दृष्टीस पडावे, यासारखा आनंद थोडाच असतो. परंतु असा वृत्तांत जुळविण्याचे काम ज्यांनी केले आहे त्यांस हेही ठाऊक आहे की, नावे मिळविणे सोपे, पण दोन नावांमधली रेघ खरी ओढणे कठीण. कोणाचे नाव अभिमानाने पुढे करावे आणि कोणाचे हळूच गाळावे, असा मोह तेथे पावलोपावली पडतो.

मनुष्यास वंश मात्र एकच नसतो, दोन असतात. एक जन्माचा व दुसरा विद्येचा. ही कल्पना आपणांस परकी नाही. पाणिनीने विद्येचा संबंध व जन्माचा संबंध यांचा उल्लेख एकाच सूत्रात केला आहे. बृहदारण्यक उपनिषदात गुरूमागून गुरू अशी आचार्यांची लांबलचक नामावळी दिली असून तिला वंश असेच नाव आहे. आपल्या महाराष्ट्रात नाथपरंपरा गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे व निवृत्तिनाथांकडून ज्ञानेश्वरांकडे आली, तेव्हा थोरला बंधू हाच गुरू झाला आणि दोन्ही वंशांच्या रेघा एकाच घरात येऊन मिळाल्या.

पाश्चात्त्य विद्यापीठांतही विद्वानांचे असे वंशवृक्ष मांडण्याची प्रथा रूढ झाली आहे. ज्याच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध लिहून विद्यार्थ्याने डॉक्टर ही पदवी मिळविली तो त्याचा विद्येतील पिता, त्या पित्याचा मार्गदर्शक तो पितामह, अशा क्रमाने वर वर जावयाचे. रसायनशास्त्राचे असे वंशवृक्ष पाहू लागले की एक चमत्कार दिसतो. इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स, रशिया, अमेरिका, जपान, इतकेच नव्हे तर आपल्या मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळा, येथून निघालेल्या कितीतरी रेघा जर्मनीतील गीसेन नावाच्या एका लहानशा गावी येऊन पोहोचतात. त्या गावी १८२४ साली अवघ्या २१ वर्षांचा एक तरुण प्राध्यापक म्हणून आला. त्याचे नाव युस्टुस लीबिग. या मूळपुरुषाचे चरित्र येथे संक्षेपाने सांगावयाचे आहे.

लीबिग यांचा जन्म १२ मे १८०३ रोजी डार्मश्टाट या गावी झाला. वडील रंग, रोगण व औषधी द्रव्ये यांचा व्यापार करीत आणि त्यांतील काही माल घरच्या लहानशा कारखान्यात स्वतः तयार करीत. मुलगा त्या कारखान्यात रमे. गावात राजाचे ग्रंथालय होते. तेथील रसायनाची पुस्तके जशी हाती येतील तशी त्याने वाचून काढली आणि पुस्तकात लिहिलेला प्रयोग घरी करून पाहिल्याशिवाय त्यास चैन पडत नसे. शाळेत मात्र त्याची गणना मंद विद्यार्थ्यांत होई. पुढे कोण होणार असे मुख्याध्यापकांनी विचारले असता त्याने रसायनशास्त्रज्ञ असे उत्तर दिले, तेव्हा सारा वर्ग हसला. रसायन हा त्या काळी पोटाचा धंदा होऊ शकतो हेच कोणास पटण्यासारखे नव्हते.

बाजारात एक फिरता विक्रेता मुलांसाठी फटाक्याची खेळणी करून विकत असे. त्यांत चांदीचे एक स्फोटक संयुग असे. विक्रेत्याचे हात पाहून पाहून मुलाने ती कृती उचलली. पुढे हेपेनहाइम येथील औषधविक्रेत्याकडे त्यास उमेदवारीस ठेवले. तेथे माडीवर झालेल्या स्फोटामुळे त्याची हकालपट्टी झाली अशी आख्यायिका आहे. वडिलांना उमेदवारीचे पैसे भरणे झेपले नाही हे त्याहून साधे कारणही सांगितले जाते. कसेही असो, मुलगा घरी परतला. परंतु त्या स्फोटक पदार्थाने त्याची पाठ सोडली नाही.

वडिलांच्या ओळखीचे कास्टनर नावाचे प्राध्यापक बॉन येथे रसायन शिकवीत. १८२० साली लीबिग त्यांच्याकडे गेले आणि कास्टनर एर्लांगेनला गेले तेव्हा तेही मागोमाग तेथे गेले. कास्टनर विद्वान म्हणून नावाजलेले होते, परंतु त्यांची व्याख्याने तत्त्वज्ञानाच्या आकाशात विहार करणारी. एखाद्या खनिजात कोणते घटक किती, हे हाताने करून दाखविण्याची त्यांच्याकडे सोय नव्हती. आपण ज्यासाठी आलो ते येथे मिळावयाचे नाही, हे तरुण लीबिग यांनी ओळखले. त्यातच विद्यार्थ्यांच्या चळवळीत सापडून १८२२ साली त्यांस एर्लांगेन सोडणे भाग पडले.

या प्रसंगी कास्टनर यांनी जे केले ते विसरता कामा नये. हेसेच्या राजाकडे त्यांनी लीबिग यांची शिफारस केली आणि पॅरिसला जाऊन शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळवून दिली. पुढे १८२३ साली लीबिग पॅरिसमध्ये असताना त्यांच्या गैरहजेरीतच एर्लांगेनची डॉक्टर ही पदवी त्यांस देण्यात आली. तीही कास्टनर यांच्याच साहाय्याने. तथापि उत्तरायुष्यात लीबिग यांनी या गुरूविषयी लिहिताना आपली वर्षे वाया गेली असाच सूर लावला. कास्टनर यांनी शास्त्र दिले नाही हे खरे. पण शास्त्राचे दार त्यांनीच उघडून दिले, हेही तितकेच खरे आहे. वंशवृक्षात लीबिग यांच्या वर कास्टनर यांचे नाव आजही लिहिले जाते, आणि ते तेथेच राहणे न्यायाचे आहे.

पॅरिसमध्ये लीबिग यांस खरा गुरू भेटला. लहानपणच्या त्या स्फोटक पदार्थावर त्यांनी केलेले संशोधन १८२३ साली तेथील विज्ञानपरिषदेपुढे सादर झाले. श्रोत्यांत सुप्रसिद्ध प्रवासी व निसर्गशास्त्रज्ञ आलेक्सांडर फॉन हुम्बोल्ट हे होते. त्यांनी या अनोळखी तरुणाची चौकशी केली व त्याची गे-ल्युसॅक यांच्याशी गाठ घालून दिली. वायूंच्या नियमामुळे गे-ल्युसॅक यांचे नाव आपल्या शाळांतील मुलांसही परिचित आहे. ते विद्यार्थ्यांस खासगी प्रयोगशाळेत सहसा येऊ देत नसत. परंतु लीबिग यांस त्यांनी शेजारी उभे करून काम शिकविले. प्रयोग मनासारखा उतरला की गे-ल्युसॅक आपला हात धरून टेबलाभोवती नाचत, असे लीबिग यांनी पुढे सांगितले आहे. गे-ल्युसॅक हे बर्थोले यांचे शिष्य आणि बर्थोले हे लाव्हाझ्येचे सहकारी. म्हणजे तराजू हातात घेऊन सत्य पारखण्याची जी नवी परंपरा फ्रान्सात उदयास आली होती, तिचा वारसा लीबिग यांस प्रत्यक्ष हातातून हातात मिळाला. पदवीच्या कागदावर मात्र गे-ल्युसॅक यांचे नाव कोठेही नाही.

हुम्बोल्ट यांच्या शिफारशीने मे १८२४ मध्ये लीबिग यांची गीसेन येथे नेमणूक झाली आणि पुढील वर्षाच्या अखेरीस ते पूर्ण प्राध्यापक झाले. विद्यापीठ लहान, पगार तुटपुंजा, आणि प्रयोगशाळेसाठी मिळालेली जागा म्हणजे सैनिकांच्या ओस पडलेल्या बराकीतील पहाऱ्याची इमारत. साहित्याचा पुष्कळसा खर्च त्यांस स्वतःच्या मिळकतीतून करावा लागे. सरकारकडे पैशांसाठी वारंवार लिहावे, नकार घ्यावा, पुन्हा लिहावे, असा क्रम कितीतरी वर्षे चालला. अतिश्रमाने प्रकृती ढासळली. १८२६ साली त्यांचा विवाह हेन्रिएटे मोल्डेनहाउअर यांच्याशी झाला व यथावकाश त्यांस पाच अपत्ये झाली.

या ओढगस्तीच्या दिवसांतच त्यांस आयुष्याचा मित्र लाभला. स्वीडनच्या बर्झेलियस यांचे शिष्य वोहलर यांनी एक चांदीचे संयुग तयार केले होते. त्यातील घटकांचे प्रमाण लीबिग यांच्या स्फोटक संयुगाच्या प्रमाणाशी तंतोतंत जुळत होते, पण गुणधर्म अगदी निराळे. वोहलर यांची चूक झाली असली पाहिजे असे तापट स्वभावाच्या लीबिग यांनी जाहीर केले. मग स्वतः पुन्हा तपासले आणि वोहलर यांचे बरोबर असल्याचे मान्य केले. घटक तेच, प्रमाण तेच, तरी पदार्थ भिन्न, ही अपूर्व गोष्ट या वादातून शास्त्रास कळली. भांडणातून जुळलेली ही मैत्री मरणापर्यंत टिकली. १८३२ साली वोहलर यांच्या पत्नीचे निधन झाले तेव्हा लीबिग यांनी मित्रास गीसेनला बोलावून घेतले. आणि दुःख विसरण्यासाठी दोघांनी मिळून कडू बदामाच्या तेलावर जे काम केले ते रसायनशास्त्रात चिरस्थायी ठरले.

लीबिग यांच्या कीर्तीचा पाया एका लहानशा काचेच्या उपकरणाने घातला. वनस्पतिज व प्राणिज पदार्थांत कार्बन व हायड्रोजन किती, हे काढण्यास त्या काळी मोठे कौशल्य व फार वेळ लागे. लीबिग यांनी १८३१ साली पाच फुग्यांची एक काचेची नळी तयार केली. पदार्थ तांब्याच्या ऑक्साइडबरोबर जाळावयाचा. निघणारी पाण्याची वाफ एका नळीतील कॅल्शियम क्लोराइडने शोषावयाची आणि कार्बन डायऑक्साइड वायू त्या फुग्यांमधील पोटॅशच्या द्रावातून न्यावयाचा. जाळण्यापूर्वी व जाळल्यानंतर दोन्ही नळ्यांचे वजन करावे. वाढलेल्या वजनावरून हिशेब मांडावा. इतकी सोपी रीत! जे काम आजवर एखादा बर्झेलियसच करू जाणे, ते आता कष्टाळू विद्यार्थी करू लागला. अमेरिकन रसायनशास्त्र संस्थेच्या बोधचिन्हात या पाच फुग्यांची आकृती आहे, यावरून तिचे महत्त्व ध्यानी यावे.

या उपकरणानेच गीसेनला विद्यापीठांमध्ये वेगळे स्थान मिळवून दिले. विद्या जोवर एकट्या प्रतिभावंताच्या बोटांत असते तोवर तिचा वंश वाढत नाही. ती शिकवता येण्याजोगी झाली की वंश वाढतो. लीबिग यांची शिक्षणपद्धती अशी होती. नवशिक्याने प्रथम अक्षरे लिहिलेल्या बाटल्यांतील अज्ञात पदार्थ एकामागून एक ओळखावयाचे. मग ठरलेले पदार्थ शुद्ध स्वरूपात तयार करावयाचे. आणि त्यात हात बसला की स्वतंत्र संशोधनाचा विषय घ्यावयाचा. नवशिक्यांस साहाय्यक शिकवीत. संशोधन करणाऱ्या प्रत्येकाकडून लीबिग दररोज सकाळी आदल्या दिवशीच्या कामाचा वृत्तांत ऐकत, त्यावर आपले मत देत, पण वाट ज्याची त्याने शोधावी असा त्यांचा दंडक होता. सारे एका छपराखाली असल्याने विद्यार्थी एकमेकांपासूनही शिकत. १८३९ साली प्रयोगशाळेचा विस्तार झाला व विषारी धूर बाहेर नेणारी बंदिस्त कपाटे तेथे बसविण्यात आली. १८४२ साली काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात ही प्रयोगशाळा माणसांनी गजबजलेली दिसते.

गीसेनमधील २८ वर्षांत रसायन व औषधनिर्मिती शिकण्यासाठी सुमारे ७०० विद्यार्थी लीबिग यांच्याकडे आले. ते कोणाचे पुत्र, कोणत्या देशाचे, कोणत्या पंथाचे, याची विचारपूस तेथे होत नसे. काम करण्याची तयारी तेवढी पाहिली जाई. स्त्रियांस मात्र त्या काळी जर्मन विद्यापीठांची दारे बंदच होती, आणि त्या वंशवृक्षातील ही उणीव आज आपणांस जाणवल्यावाचून राहत नाही.

आता शाखा पाहू. आल्सेसहून आलेले व्युर्त्झ यांनी ही विद्या पॅरिसला नेली. रशियाच्या झिनिन यांनी ती कझानला नेली. त्यांच्या हाताखाली बुटलेरोव्ह तयार झाले, आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये तरुण आल्फ्रेड नोबेल यांनीही झिनिन यांच्याकडे धडे घेतले. अमेरिकेचे हॉर्सफर्ड हार्वर्डला गेले. इंग्लंडचे विल्यमसन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. १८६३ साली जपानातून चोरून निघून आलेल्या तरुणांस आश्रय देणारे ते हेच, आणि जपानात रसायनशास्त्राचा पाया घालणारे साकुराई यांनी पुढे त्यांच्याकडेच शिक्षण घेतले.

दोन शाखा आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली हॉफमान यांची. त्यांचे वडील स्थापत्यकार. गीसेनच्या प्रयोगशाळेची वाढीव इमारत त्यांनीच उभारली. मुलगा कायदा शिकण्यास निघाला होता, तो त्या इमारतीत शिरला आणि रसायनाचाच झाला. लीबिग यांच्या पत्नीच्या नात्यातील मुलगी करून तो घरचाही झाला. १८४५ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या रसायन महाविद्यालयाचे हॉफमान प्रमुख झाले. तेथे १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने क्विनीन बनविण्याच्या खटपटीत डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग शोधून काढला व कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले.

दुसरी शाखा केकुले यांची. हेही डार्मश्टाटचेच. १८४७ साली ते गीसेनला आले ते स्थापत्य शिकण्यासाठी. लीबिग यांची व्याख्याने ऐकली आणि मार्ग बदलला. त्यांची पदवी १८५२ साली विल या प्राध्यापकांच्या हाताखाली झाली. ते विलही लीबिग यांचेच शिष्य. घरे बांधण्याचे शास्त्र सोडून आलेल्या या तरुणाने पुढे अणू एकमेकांस कसे जोडले जातात याचे शास्त्र सांगितले आणि १८६५ साली बेन्झीनच्या वलयाची रचना मांडली. १९०१ ते १९०५ या काळात रसायनशास्त्राची पहिली पाच नोबेल पारितोषिके दिली गेली. त्यांपैकी व्हान्ट हॉफ, एमिल फिशर व बायर या तिघांनी केकुले यांच्या पायाशी बसून विद्या घेतली होती.

परंतु वंश म्हटला की भाऊबंदकीही आली. १८४० साली लीबिग यांनी शेतीच्या रसायनावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कुजलेल्या मातीतील सत्त्वावर पिके पोसली जातात या जुन्या समजुतीस त्यांनी धक्का दिला. वनस्पती कार्बन हवेतून घेते, क्षार जमिनीतून घेते, आणि जो घटक सर्वांत कमी असेल त्याच्या मानानेच पीक येते, हे त्यांनी जगास पटवून दिले. या शेवटच्या नियमाचे श्रेय त्यांच्यापूर्वी स्प्रेंगेल यांचेही आहे. आपल्याकडील शेतकरी आज नत्र, स्फुरद व पालाश हे शब्द सहज बोलतो; त्यांमागील विचारास घरोघर पोहोचविणारा हा ग्रंथ होय. पण नत्राच्या बाबतीत लीबिग चुकले. पिकास लागणारे नत्र हवेतून पुरेसे मिळते असा त्यांचा आग्रह होता. इंग्लंडात रोदॅमस्टेड येथे लॉज यांच्या शेतावर गिल्बर्ट यांनी वर्षानुवर्षे गहू पिकवून दाखविला आणि नत्राचे खत घातल्यावाचून भरघोस पीक येत नाही हे सिद्ध केले. हे गिल्बर्ट कोण? गीसेनला १८४० साली डॉक्टर झालेले लीबिग यांचेच शिष्य!

गुरूने शिकविलेल्या तराजूनेच शिष्याने गुरूचे मत तोलले व ते कमी भरले. लीबिग रागावले, त्यांनी कठोर शब्दांत टीका केली, आणि वाद अनेक वर्षे धुमसत राहिला. लीबिग यांनी स्वतः काढलेले खतही फसले होते. पावसाने वाहून जाऊ नये म्हणून त्यांनी ते न विरघळणारे केले, तेव्हा पिकाच्या मुळांसही ते मिळेना. ही चूक मात्र त्यांनी पुढे मोकळेपणाने कबूल केली; सृष्टिकर्त्याच्या योजनेवर आपण विश्वास ठेवला नाही, जमीन ते क्षार आपणच धरून ठेवते, असे त्यांनी लिहून ठेवले. गिल्बर्ट यांस वंशवृक्षातून कोणी काढले नाही. किंबहुना गुरूचा खरा वारस तोच, ज्याने गुरूचे मत न जपता त्याची पद्धत जपली, असेच म्हणावे लागेल.

१८४५ साली लीबिग यांस सरदारकीची पदवी मिळाली. १८५२ साली बव्हेरियाच्या राजाच्या आमंत्रणावरून ते म्यूनिकला गेले. तेथे प्रयोगशाळेत विद्यार्थी शिकविण्याचा भार त्यांनी घेतला नाही. व्याख्याने व लेखन यांतच उत्तरायुष्य घालविले. १८ एप्रिल १८७३ रोजी त्यांचे म्यूनिक येथे देहावसान झाले. त्यांच्या रक्ताच्या वंशातही विद्या टिकली. १९६९ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे माक्स डेलब्रुक यांची आई लीबिग यांची नात होती. गीसेनच्या विद्यापीठास आज लीबिग यांचेच नाव आहे आणि त्या जुन्या पहाऱ्याच्या इमारतीत त्यांचे संग्रहालय आहे.

आता त्या वृक्षाची एक फांदी आपल्या अंगणापर्यंत कशी आली ते पाहू. केकुले यांच्या हाताखाली तयार झालेले बायर हे १८७५ साली म्यूनिकला लीबिग यांच्याच आसनावर आले. बायर यांनी १८८० साली नीळ हा रंग प्रयोगशाळेत बनविला. १८९७ साली जर्मनीचा कारखाना ती कृत्रिम नीळ बाजारात विकू लागला. भारतातील निळीचा भाव कोसळला. बिहारातील मळेवाल्यांनी आपले नुकसान कुळांवर वाढीव खंड लादून भरून काढले, आणि त्या अन्यायाविरुद्ध १९१७ साली चंपारण येथे महात्मा गांधींनी सत्याग्रह केला. गीसेनच्या वृक्षाचे हे फळ आपल्या देशाच्या वाट्यास प्रथम असे कडू आले.

परंतु त्याच फांदीस दुसरेही फळ यावयाचे होते. जांभळा रंग शोधणाऱ्या पर्किन यांचा मुलगा, धाकटे विल्यम पर्किन, जर्मनीत व्युर्त्झबर्ग येथे विस्लिसेनुस यांच्याकडे पदवी घेऊन मग म्यूनिकला बायर यांच्याकडे शिकले. वडिलांकडून हॉफमान व गुरूकडून केकुले, अशा दोन वाटांनी लीबिग त्यांच्यापाशी पोहोचले. धाकट्या पर्किन यांचे मँचेस्टरमधील शिष्य रॉबर्ट रॉबिन्सन. त्यांस १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रॉबिन्सन यांच्याकडे १९२३ साली मद्रासहून कृष्णस्वामी वेंकटरामन हा तरुण गेला. परत आल्यावर मुंबई विद्यापीठाच्या १९३३ साली स्थापन झालेल्या रसायन तंत्रज्ञान विभागात वेंकटरामन यांनी अध्यापन केले. १९३८ पासून १९५७ पर्यंत ते त्याचे संचालक होते, आणि माटुंग्याच्या त्या संस्थेतून रंग व कापड यांच्या धंद्यास लागणारे कितीतरी रसायनज्ञ बाहेर पडले. १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९६६ साली त्यांच्या जागी आले ते त्यांचेच शिष्य बाळ दत्तात्रेय टिळक. हे टिळक मुंबईस वेंकटरामन यांच्याकडे शिकून मग ऑक्सफर्डला खुद्द रॉबिन्सन यांच्याकडे शिकले होते. म्हणजे नात्याने ते रॉबिन्सन यांचे नातूही आणि पुत्रही! ज्या विद्येने आपली नीळ बुडविली, तीच विद्या शिकून आपल्या माणसांनी आपल्या देशात रंगांचे शास्त्र उभे केले. लीबिग, केकुले, बायर, पर्किन, रॉबिन्सन, वेंकटरामन, टिळक. या रेघेत जर्मन, इंग्रज, मद्रासी व महाराष्ट्रीय आहेत, आणि कोणासही आपल्या शेजारच्या नावाची लाज वाटण्याचे कारण नाही.

या चरित्रापासून वंशावळ जुळविणाऱ्या आपणांस घेण्यासारखे काय आहे? एक हे की, कागदावरील नाव व खरा गुरू हे पुष्कळदा निराळे असतात. केवळ पदवीपत्र पाहून रेघ ओढली तर लीबिग यांच्यावर एकटे कास्टनर राहतील व गे-ल्युसॅक नाहीसे होतील. केवळ कीर्ती पाहून ओढली तर गे-ल्युसॅक राहतील आणि शिष्यवृत्ती मिळवून देणारे कास्टनर पुसले जातील. दोन्ही नावे लिहावी आणि कोणी काय दिले तेही लिहावे, हाच प्रामाणिक मार्ग. दुसरे हे की, विरोध करणारा वारस गाळू नये. आणि तिसरे सर्वांत महत्त्वाचे. लीबिग यांचे वाडवडील कोण होते हे आज फारसे कोणी विचारीत नाही. त्यांनी कोणाकोणाला शिकविले हे जग विचारते. मूळपुरुष होण्यास मोठ्या कुळात जन्म घ्यावा लागत नाही; एक पडकी इमारत, एक तराजू आणि येईल त्यास शिकविण्याची वृत्ती एवढ्यावर तो मान मिळतो.

आपल्या घराण्यांचे वृत्तांत लिहिले जात असतील तेथे प्रत्येक मुलाच्या व मुलीच्या नावापुढे जन्मतिथी, शिक्षण व व्यवसाय यांचे रकाने असतातच. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा आणि त्यात गुरूचे नाव लिहावे. ते गुरू बहुधा आपल्या कुळातील नसतील, कित्येकदा आपल्या ज्ञातीतीलही नसतील. एखाद्या खेड्यातील शाळेचे मास्तर असतील, कारखान्यातील मिस्त्री असतील, कोण्या बाई असतील. ज्यांच्यामुळे आपण विद्येच्या वंशात जन्मलो त्यांची नावे, वहीचे पान पिवळे पडण्याआधी, आपल्या हाताने लिहून ठेवणे हे आपणा प्रत्येकावरील ऋण आहे.